हयात माणसाची कारकीर्द

आमच्या सातारा-सांगलीकडं माणसाची कारकीर्द सांगायची, तर आधी त्या माणसाला मरावं लागतं. जिवंतपणी त्याच्याविषयी सांगतात ती फक्त गाऱ्हाणी. एकदा का तो गेला, की जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरत आलेला माणूसही शोकसभेत अजातशत्रू ठरतो, आणि ज्याचा बांध कोरला तो शेजारीच पहिल्यांदा उठून डोळे पुसत बोलतो. ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. तरीही एका फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाच्या बाबतीत मी ती साफ विसरले, आणि आम्ही एका चांगल्या धडधाकट माणसाच्या फोटोला सांगलीत हार घालून मोकळे झालो.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. आम्ही दहा-बारा जणांनी मिळून एक फिल्म क्लब काढला होता. बहुतेक प्राध्यापक, एक दातांचे डॉक्टर, आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त प्राचार्य. महिन्यातून एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये परदेशी चित्रपट बघायचा, त्यातलं निम्मं कळायचं नाही, आणि बाहेर आल्यावर ते कुणी आधी कबूल करायचं नाही, असा आमचा अलिखित नियम होता. मी क्लबची चिटणीस होते. म्हणजे सतरंज्या घालण्यापासून पत्रं टाकण्यापर्यंत सगळं माझ्याकडं.

त्या वर्षी मुंबईच्या फ्रेंच कचेरीतून पत्र आलं. एका नामवंत फ्रेंच दिग्दर्शकाचे तीन चित्रपट ते पाठवू शकत होते. एक तरुणपणीचा, एक मधल्या काळातला आणि एक अगदी अलीकडचा. सोबत त्याच्या कारकिर्दीची माहिती देणारं फ्रेंच पत्रक. मला फ्रेंच येतं, अशी क्लबात समजूत होती. पुण्यात शिकत असताना मी सहा महिने फ्रेंचच्या वर्गाला गेले होते, आणि तिथून ‘खिडकी उघडी आहे’ आणि ‘माझ्या काकांकडे एक मांजर आहे’ एवढी दोन वाक्यं घेऊन आले होते. त्या दोन वाक्यांवर मी सांगलीत दोन वर्षं ऐटीत काढली होती. आता ती ऐट अंगाशी आली. दिग्दर्शकाच्या कारकिर्दीवर तुम्हीच बोलायचं, असं प्राचार्यांनी जाहीर करून टाकलं.

मग शब्दकोश घेऊन बसले. आठ दिवसांत एवढं खणून काढलं: हा गृहस्थ एका पाववाल्याचा मुलगा. स्टुडिओत झाडू मारायला लागला. उसन्या कॅमेऱ्यावर पहिला चित्रपट केला आणि तो गाजला. मग डोक्यात हवा गेली. भलाथोरला चित्रपट काढला आणि तो दाणकन आपटला. त्यानंतर बरीच वर्षं त्याला कुणी दारात उभं करेना. आणि आता म्हातारपणी, एका खेड्यात राहून, त्यानं एक छोटासा चित्रपट केला, त्याला सगळं जग डोक्यावर घेऊन नाचतंय. या संपूर्ण कारकिर्दीत खिडकी किंवा मांजर कुठंही आलं नाही.

सगळं ठरलं आणि आमचं मशीन चालवणारा प्रयोगशाळेतला सहायक कावीळ होऊन गावी गेला. कार्यक्रम चार दिवसांवर. प्राचार्य म्हणाले, ‘बाई, आता?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एक जण आहेत माझ्या माहितीतले.’

ते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. कोरेगावजवळ आमचं गाव. आबांनी वीस वर्षं तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवलं. दिवाळी झाली की तंबू बाहेर पडायचा आणि कोरेगावापासून पार दहिवडी-म्हसवडपर्यंत जत्रा करत फिरायचा. माणदेशातले मेंढपाळ मेंढरं तंबूच्या मागं बसवून, घोंगडी पसरून सिनेमाला यायचे. पडद्यावर कुणी किंचाळलं की बाहेर त्यांची कुत्री भुंकायची, आणि आबा मशीनपाशी बसून कुत्र्यांनाच दटावायचे.

तंबूत मशीन एकच असायचं. त्यामुळं एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरं चढवायचं, आणि तोवर माणसं थोपवून धरायची. ते थोपवायचं काम आबा माइकवर करायचे. कुणाचा बैल सुटलाय, कुणाची पोरगी सापडत नाही, आणि मागच्या रिळात काय झालं. जत्रेला मुंबईहून गावी आलेले गिरणी कामगार त्यांचे पक्के वैरी. ते सिनेमा आधीच बघून आलेले असायचे आणि शेवट फोडायचे. त्यावर आबांचा तोडगा असा, की पहिल्याच रिळानंतर माइकवरून भलताच शेवट ठासून सांगायचा. मग मुंबईकरांनी खरा सांगितला तरी लोक म्हणायचे, ‘गप रं गड्या, मशीनवाल्यापेक्षा तुला जास्त ठावं हाय व्हय?’

आबांना अभिमान एकाच गोष्टीचा. घाईत संपलेलंच रीळ उलट न गुंडाळता परत चढवलं तर चित्र उलटं पडतं, पाय वर आणि डोकं खाली, आणि माणसं मागं चालत येतात. दुसऱ्या तंबूंत असं झालं की शिट्ट्या आणि ढेकळं यायची. आबा म्हणायचे, ‘वीस सालात आपलं चित्र कवा उलटं पडलं न्हाई.’

दुष्काळात जत्रा भरल्या नाहीत. मालकानं तंबू मोडला, मशीन विकलं. आबा भावकीतल्या एकाच्या पिठाच्या गिरणीवर बसायला लागले. तेव्हापासून त्यांनी सिनेमा हा विषयच टाकला. कोरेगावात थिएटरवरून जायची वेळ आली तर रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायचे. मी कधी तंबूची आठवण काढली की म्हणायचे, ‘आमी काय केलं गं? दुसऱ्याची चित्रं कापडावर पाडली. गिरणीत निदान पीठ तरी दिसतंय.’ हसत म्हणायचे, पण मला ते लागायचं. हा माणूस परत एकदा मशीनपाशी ताठ बसलेला मला बघायचा होता. कावीळ झालेल्या सहायकाचे मी मनात आभार मानले, हेही सांगून टाकते.

आबांना आणायला गेले तर ते म्हणाले, ‘म्या न्हाई.’ आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, ‘जावा की आता. गिरणीचा पट्टा काय पळून जात न्हाई.’ आबा उठून बाहेर गेले. पाण्याची घागर उगीचच इकडची तिकडं ठेवली. मग दारातूनच विचारलं, ‘मशीन कुठलं हाय गं?’ मी ओळखलं, गडी तयार आहे.

एस.टी.त मी त्यांना दिग्दर्शकाची कारकीर्द सांगितली. भाषणाची तालीमही झाली. झाडू मारायचा म्हटल्यावर त्यांनी पसंतीची मान हलवली. मोठा चित्रपट आपटला म्हटल्यावर ‘आपटणारच’ म्हणाले. मग विचारलं, ‘आणि काम न्हवतं ती सालं? तवा काय करत हुता त्यो?’

‘ते पत्रकात दिलेलं नाही, आबा.’

‘देणार न्हाईतच,’ असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले.

आता माझ्या हातून झालं ते. हॉलमध्ये क्लबची मंडळी जमली होती. आबा धोतर, कोट, डोक्याला पटका आणि हातात आईनं दिलेल्या दशम्यांचं गाठोडं, असे दारात उभे राहिले. प्राचार्यांनी विचारलं, ‘हे कोण?’ आणि मी म्हणाले, ‘हे कोरेगावचे एक अनुभवी ऑपरेटर.’

का म्हणाले, याची आजवर मी बरीच कारणं स्वतःला सांगून बघितली आहेत. एकही टिकत नाही. त्या मंडळींच्या घरात सोफे होते, त्यांचे वडील वकील नाहीतर मामलेदार होते, आणि मी मुद्दाम घासून घासून शुद्ध बोलायला शिकले होते. मला लाज वाटली, एवढंच खरं. आबांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग प्राचार्यांना नमस्कार करून म्हणाले, ‘म्याडम, मशीन दावा.’ पुढचे तीन दिवस मी त्यांची म्याडमच होते. घरी खोलीवर आल्यावरसुद्धा, ‘म्याडम, मीठ वाढा जरा.’

मी आबांना आणायला गेले होते तेवढ्यात हस्तपत्रकं छापून आली होती. मी त्यातलं शुद्धलेखन तेवढं तपासलं आणि ती गावात वाटायला दिली. वर दिग्दर्शकाचा फोटो, खाली ‘जीवन आणि कार्य’, त्याखाली स्थळ आणि वेळ. छापखानेवाल्यानं फोटोभोवती जाड काळी चौकट घातली होती, ती मला दिसली आणि बरी वाटली. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. फोटो, जीवन आणि कार्य, स्थळ, वेळ, एवढा मजकूर त्यानं आयुष्यात एकाच कारणासाठी जुळवला होता.

पहिल्या संध्याकाळी हॉलवर गेले तर गर्दी. क्लबाचे आमचे नेहमीचे पंचवीस-तीस लोक असायचे, आज पांढऱ्या टोप्यांनी मागच्या भिंतीपर्यंत हॉल भरलेला. मला वाटलं, सांगलीला जागतिक चित्रपटाची गोडी लागली. व्यासपीठावर एका खुर्चीत दिग्दर्शकाचा फोटो ठेवलेला, त्याला झेंडूचा हार, पुढं उदबत्ती. आमच्या शिपायानं पत्रक वाचून आपल्या डोक्यानं ही व्यवस्था केली होती. मी हार काढायला पुढं होतेय तोच प्रमुख पाहुणे आले. ज्यांच्या ओळखीनं खुर्च्या मिळाल्या ते हे गृहस्थ, बऱ्याच सहकारी संस्थांवरचे. आल्या आल्या त्यांनी फोटोला फुलं वाहिली, क्षणभर डोळे मिटले, आणि सरळ माइकपाशी गेले.

‘आज आपण अत्यंत जड अंतःकरणानं इथं जमलो आहोत,’ त्यांनी सुरुवात केली.

मी प्राचार्यांकडं बघितलं. प्राचार्य छताकडं बघत होते. व्यासपीठावर पाहुण्याला दुरुस्त करायचं नाही, हा आमच्या भागातला नियम आहे. पाहुणा दुसऱ्याच्या लग्नाचं भाषण करत असला तरी ते पुरं होऊ द्यायचं.

‘फ्रान्स देशाची हानी तर झालीच,’ पाहुणे म्हणाले, ‘पण कृष्णाकाठाचीही काही कमी हानी झालेली नाही. परवाच आमच्या बैठकीत त्यांचा विषय निघाला होता. अत्यंत साधी राहणी. दारी आलेला माणूस कधी विन्मुख परत पाठवला नाही. त्यांच्या पश्चात...’ इथं ते थांबले आणि माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, ‘मुलं किती?’

आणि मी, आठ दिवस ते पत्रक घोकलेली बाई, सवयीनं सांगून बसले, ‘दोन मुलगे.’

‘त्यांच्या पश्चात दोन मुलगे आहेत,’ पाहुण्यांनी गहिवरून सांगितलं. ‘आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहूया.’

खुर्च्या सरकल्या. अख्खा हॉल उभा राहिला, मीही राहिले. माना खाली गेल्या. एक मिनिट होऊन गेलं असेल. तेवढ्यात मागून, मशीनपाशी, तंबूत कुत्र्यांना दटावणारा तो खणखणीत आवाज आला.

‘आवं सायेब, जित्ता हाय त्यो मानूस! हार काढा त्येचा!’

सगळ्या माना मागं वळल्या. आबा मशीनवर एक हात ठेवून उभे होते. ‘म्याडमनी एस.टी.त सांगितलंय मला. खेड्यात ऱ्हातो, पिच्चर काढतो. सोन्यासारखा जित्ता हाय. आन् हितं सांजच्याला उदबत्ती लावून बसवलंय त्येला!’

पाहुणे कसलेले. ते तसूभरही हलले नाहीत. माइकवर म्हणाले, ‘ही तर अत्यंत आनंदाची गोष्ट आहे,’ आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारापाशी एक म्हातारबा मात्र चपला शोधत कुरकुरत होते, ‘मरायचं न्हवतं तर आमाला कशापायी बोलावलं?’ आबांनी दिवे घालवले आणि चित्रपट सुरू केला. पावाच्या दुकानातली एक पोरगी सायकलवरून पळून जाते, असा तो चित्रपट होता. त्या धांदलीत माझं भाषण राहूनच गेलं.

हॉलवरून माझी खोली दहा मिनिटांवर. चालताना आम्ही दोघंही हसत होतो. ‘दोन मुलगे’ म्हणून आबा मला चिडवत होते, आणि हसता हसता त्यांना ठसका लागत होता. फाटकापाशी आल्यावर ते थांबले, चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. वाकूनच, तशाच हसऱ्या आवाजात म्हणाले, ‘त्या फ्रान्सवाल्याचं म्या वरडून सांगितलं, जित्ता हाय म्हून. आमचं कोण सांगनार, म्याडम?’

मी कुलूप उघडायच्या निमित्तानं पुढं झाले. उद्या सगळ्यांना सांगायचं, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच प्राचार्य भेटले आणि म्हणाले, ‘बाई, हे रत्न कुठून शोधलंत?’ यापेक्षा सोपी संधी देवानंही दिली नसती. मी म्हणाले, ‘आहेत ओळखीतले.’ वनस्पतिशास्त्रात एक लाजाळू नावाचं झाड मी दरवर्षी शिकवायची. ते तरी हात लावल्यावर मिटतं.

त्या संध्याकाळचा चित्रपट तो आपटलेला, भलाथोरला. घोडे, किल्ले, शंभर-दोनशे माणसं, आणि खाली इंग्रजी अक्षरं धावत जाताहेत. पहिल्या रिळात कुणालाच काही कळलं नाही. रीळ संपलं, दिवे लागले, चुळबुळ सुरू झाली. मागच्या रांगेत विद्यार्थ्यांनी एक बारीकशी शिट्टी मारून बघितली. आबांनी मान वर केली. शिट्टी ऐकल्यावर त्यांच्यातलं काहीतरी जागं झालं असावं. एका हातानं नवं रीळ चढवत दुसऱ्या हातानं त्यांनी मशीनपाशी आणून ठेवलेला माइक ओढून घेतला.

‘हॅलो, हॅलो. मंडळी, बसून घ्या. त्यो पिसाची टोपीवाला हाय न्हवं, त्यो थोरला भाऊ. किल्ला त्येच्या नावावर हाय. धाकट्याचं नाव सातबाऱ्याला लागल्यालं न्हाई, म्हून त्यो घोडं घेऊन हिंडतोय. ती निळ्या लुगड्याची बाई थोरल्याची बायकू, पर तिचं ध्यान धाकट्याकडं. आता पुढं काय हुतंय ते बगा.’

दातांचे डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, ‘अरेच्चा! ते भाऊ आहेत होय?’ मी पत्रक चाळलं. भाऊच होते. आबांना ना फ्रेंच येत होतं ना इंग्रजी. दुपारी चाचणीला त्यांनी चित्रपट एकदा बघितला होता, आणि वीस वर्षं माणसं बघितली होती.

मग लोक रीळ संपायची वाट बघायला लागले. शेवटच्या रिळाआधी आबांनी आपलं मतही देऊन टाकलं. ‘हितं मातुर गडी घसरलाय. घोडी लय आनली, मानसं इसरला. पर लबाड न्हाई. पुढच्या पिच्चरात सुदारल.’ त्या आपटलेल्या चित्रपटावर माझी चार पानं लिहून तयार होती. ती मी तिथंच घडी करून पर्समध्ये टाकली.

तिसऱ्या दिवशी बायका-पोरांसकट माणसं आली. प्राचार्य म्हणाले, ‘आज तरी तुमचं भाषण होऊ द्या, आधी बोलता ना?’ मी म्हणाले, ‘पहिलं रीळ झाल्यावर बोलते.’

तो अलीकडचा चित्रपट अगदी साधा. एका नदीवर पूल होतो आणि म्हातारा नावाडी रिकामा होतो. माणसं पुलावरून जातात. म्हातारा रोज सकाळी दाराला कडी घालून घाटावर येतो, नावेत बसतो. पहिल्या रिळाच्या शेवटी तो एकटाच नाव काढून नदीच्या मध्यापर्यंत जातो, आणि रीळ संपतं. सांगलीच्या माणसांना नाव आणि पूल समजावून सांगायची गरज नव्हती.

दिवे लागले. आबांनी सवयीनं माइककडं हात नेला. मी मशीनपाशी येऊन उभी होते आणि माइक माझ्या हातात होता.

मी म्हणाले, ‘या दिग्दर्शकाची कारकीर्द पत्रकात छापली आहे. झाडू मारण्यापासून बक्षिसांपर्यंत सगळं आहे. फक्त त्याला काम नव्हतं ती वर्षं दिलेली नाहीत. परवा एस.टी.त एका माणसाला मी हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यानं नेमकी तीच वर्षं विचारली. कारण त्याची ती वर्षं आत्ता चालू आहेत. वीस वर्षं त्यानं माणदेशात तंबूतून सिनेमा दाखवला. घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांना गोष्ट समजावून सांगितली, जशी काल तुम्हाला-मला सांगितली. आता तो गिरणीवर पीठ दळतो आणि म्हणतो, आम्ही काय केलं.’

इथवर शुद्ध बोलले. मग घासून घासून शिकलेलं सगळं कुठं गेलं कोण जाणे.

‘मशीनवर बसल्यात ते माझे वडील हायत. तीन दिवस म्या तुमाला सांगितलं न्हाई. मला लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटतीया.’ पहिल्या रांगेत मागं वळून बसलेले ते प्रमुख पाहुणे मान खाली घालून गंभीर चेहरा करायला लागलेले दिसले, म्हणून घाईनं म्हणाले, ‘आणि मंडळी, जित्ते हायत. कुणी उभं ऱ्हाऊ नका.’

हशा झाला. मग टाळ्या. टाळ्या लवकर थांबेनात. मी वळून बघितलं. आबांनी पाठ फिरवली होती, रिळांशी काहीतरी खुडबुड चालली होती. एकाएकी त्यांनी दिवे घालवले.

पडद्यावर नदी आली. पण नदी वर होती आणि आभाळ खाली. नाव नदीला उलटी टांगलेली. तो म्हातारा नावाडी डोकं खाली, पाय वर करून वल्ही मारत होता, आणि नाव मागं मागं सरकत घाटाकडं येत होती. आवाजही उलटा, घोगरा, कुठल्याच भाषेतला नाही. आबांनी संपलेलंच रीळ परत चढवलं होतं.

हॉलमध्ये एवढी माणसं, मागं विद्यार्थी, पण शिट्टी आली नाही. कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत एक लहान पोर ‘उलटं, उलटं’ म्हणायला लागलं, त्याला आईनं गप्प केलं. म्हातारा मागं चालत घाट चढला, मागं चालत घरापाशी आला, त्यानं दाराची कडी काढली आणि उलट्या पावलांनीच घरात शिरला. सगळे नीट बघत बसले होते, चित्रपट मुळी असाच असावा तसे.

मग मशीन थांबलं. अंधारात माइक खरखरला.

‘हॅलो, हॅलो. मंडळी, माफी असावी. वीस सालात ह्ये पैलं उलटं चित्र हाय.’ रीळ काढल्याचा खडखडाट ऐकू आला. ‘माझी चूक न्हाई. पोरगी मधीच बोलली.’